कुलूपबंद बादली

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलेलं त्यांना चाललं नसतं. कोणाचं नाव कुठे घ्यायचं, कोणासमोर घ्यायचं आणि किती मोठ्यानं घ्यायचं, याच विचारात त्यांच्या उतारवयाची सगळी वर्षं गेली. त्यांच्यासोबत माझीही काही गेली. आता त्यांची आठवण आली की आधी पाठ दुखल्यासारखं वाटतं, मग हसू येतं.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. मारेगावकडच्या एका शाळेत ते हिंदी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या संस्थेत आले. संस्था म्हणजे यवतमाळला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एचआयव्ही झालेल्या लोकांना घरी जाऊन भेटायचं, धीर द्यायचा, गोळ्या सुटू द्यायच्या नाहीत, एवढं आमचं काम. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळायच्या. आमच्याकडे असायच्या त्या नोंदी. कोण कुठे राहतो, घरात कोणाकोणाला माहीत आहे, कोणाला अजिबात कळता कामा नये. मी त्या नोंदींचा कॉम्प्युटर सांभाळायला लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "घरी काय सांगतलं? कुठं लागली म्हणून?"

"एचआयव्हीच्या संस्थेत."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अवं बाई, उद्या तुह्या घरासमोर कोणी बाई येऊन तुह्याशी दोन शब्द बोलली, तं मोहल्ला काय समजन तिले? उद्यापासून सांगजो, टायरच्या दुकानात बसतो."

मी तसंच सांगितलं. पुढे कित्येक वर्षं आमच्या गल्लीतले लोक मला ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचा भाव विचारायचे.

सर स्वतः गावोगाव विमा एजंट म्हणून हिंडायचे. खांद्याला रेक्झिनची बॅग, बॅगेत विम्याची जुनी माहितीपत्रकं. त्यांचं म्हणणं होतं की विमेवाला घराघरात गेला तर कोणी संशय घेत नाही, उलट लोक दुसऱ्या गल्लीनं निघून जातात. ते खरंच होतं. त्यांना येताना पाहून पारावरची माणसं उठायची. फक्त एकदा आर्णीजवळच्या एका गावात एक म्हातारा मागेच लागला, मले विमा काढाचाच हाये म्हणून. सर तीन खेपा टाळत राहिले. शेवटी त्यांनी एक खरा एजंट शोधून काढला आणि त्याला आपला साहेब म्हणून त्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर नेऊन बसवलं. त्या खऱ्या एजंटाला आपण कोणाचे साहेब झालो ते शेवटपर्यंत समजलं नाही.

एक सवय मात्र मला तेव्हा विचित्रच नव्हे, निष्ठुर वाटायची. आमच्या यादीतलं कोणी रस्त्यात भेटलं, तर सर ओळख दाखवत नसत. समोरचा हसला तरी हे दुकानाच्या पाटीकडे पाहत उभे. ज्या माणसाच्या घरी आदल्या आठवड्यात बसून जेवले, त्याला बसस्टँडवर पाठ दाखवायचे. मी एकदा बोलले त्यांना. ते म्हणाले, "त्यानं ओळखलं मले, बस झालं."

मग एका उन्हाळ्यात ऑफिसचा कॉम्प्युटर बसला. वीज जायची, यायची, खोलीवर पत्रे तापलेले. हार्ड डिस्क गेली. बाजारातल्या मेन लाइनमधल्या दुरुस्तीच्या दुकानात मी ती नेली तर सर सोबत आले आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या अगदी शेजारी स्टूल ओढून बसले. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं की सर म्हणायचे, "इकडे नका पाहू." तो वैतागून म्हणाला, "काका, डोळे झाकून करू का?" सर म्हणाले, "जमते का?" अर्ध्याहून जास्त नोंदी परत मिळाल्या. बाकीच्यांसाठी सर पुन्हा गावोगाव फिरले, तीच माणसं, तेच प्रश्न. एका बाईनं त्यांना विचारलं म्हणे, "सर, मांगच्या खेपेले सांगतलं ते हारपलं काय?" परत आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

तेव्हा मी म्हटलं, नोंदींची एक प्रत बाहेर ठेवू. क्लाउडवर भाड्यानं जागा मिळते, तिला बकेट म्हणतात.

"बकेट म्हणजे बादली?"

"हो."

"कोणाच्या घरी?"

"कंपनीच्या. त्यांच्या मोठ्या मशिनींवर, इथून दूर."

"म्हणजे आपल्या लोकायचं सगळं भरून दुसऱ्याच्या अंगणात बादली ठेवाची? अन् झाकण?"

झाकण कसं असतं हे मीच आधी शिकले. गावातल्या कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण कशासाठी हवं ते सांगता आलं नसतं. वाचत, चुकत, पुन्हा वाचत जमवलं. आमच्याच मशीनवर एक प्रोग्राम प्रत्येक फाइलला कुलूप घालणार, फाइलचं नावसुद्धा बदलून टाकणार आणि मगच ती बाहेर पाठवणार. किल्ली आमच्याकडेच. कंपनीनं फाइल उघडली तरी तिला काही कळणार नाही. सरांना हे तोंडी पटलं नाही. मग मी कबिराच्या दोह्यांची एक फाइल पाठवली आणि ती बादलीत कशी दिसते ते त्यांना दाखवलं. अक्षरं आणि आकड्यांची एक लांबच लांब निरर्थक माळ. सरांनी चष्मा पुसला आणि ती माळ अक्षर अक्षर मोठ्यानं वाचली, वर्गात वाचावी तशी.

"हे बरं हाये," ते म्हणाले. "हे मलेबी समजत नाही."

पण दुसऱ्या दिवशी नवी शंका घेऊन आले. "किती फायली हायेत, हे दिसते का त्यायले?"

"दिसतं. कोणती केवढी आहे तेही."

"मंग ज्याची फाइल मोठी, त्याचा त्रास मोठा, हे समजलंच की."

मी हात जोडले. म्हटलं, सर, तिकडे बसून कोणी आपल्या फायली मोजत नाही. ते ऐकेनात. "सगळ्यायच्या सारख्या कर." मला मग प्रत्येक फाइलमध्ये निरर्थक भर घालून त्या सगळ्या एका मापाच्या कराव्या लागल्या. त्यात माझे कित्येक दिवस गेले. त्या दिवसांत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

किल्लीचंही तसंच. किल्ली म्हणजे एक लांबलचक पासवर्ड. त्यांनी त्याचे दोन भाग केले, अर्धा त्यांचा, अर्धा माझा. कुठे लिहायचा नाही. ते त्यांचा भाग टाइप करताना मी गॅलरीत जायचं आणि मी टाइप करताना ते भिंतीकडे तोंड करून उभे. एका बोटानं टाइप करायचे, चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून. मी गॅलरीत उभी राहून खालचे टायर मोजायची. एकदा मी विचारलं, आपल्यातलं कोणी मेलं तर?

"तं लोकं पुन्हा सांगतीन. ज्याचं हाये त्याले माहीत हाये."

"आणि परत तेच विचारायला कोण जाईल?"

मग आठवड्यानं एका जुन्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे दोन्ही अर्ध्यांचं पाकीट सीलबंद ठेवायला त्यांनी मान्यता दिली. तेवढा एक वाद मी जिंकले.

बादली भरली. तरी त्यांचं समाधान नव्हतं. दर महिन्याला ते मला कोणतीही एक फाइल परत आणायला लावायचे. उघडायची, पूर्ण वाचायची, बंद करायची. ठेवलेलं परत आलं तरच ठेवलं म्हणायचं, असं त्यांचं मत. एकदाही काही बिघडलं नाही. मला ते काम कंटाळवाणं वाटायचं. आता वाटतं, त्यांना तपासायचं नसायचं. त्यांना वाचायचं असायचं.

काही वर्षं अशीच गेली. मग आमच्या संस्थेचे पैसे थांबले आणि नागपूरची एक मोठी संस्था आमचं काम हातात घेणार असं ठरलं. त्यांच्याकडून एक तरुण अधिकारी आला. चांगला मुलगा होता, सरांच्या पाया पडला. म्हणाला, "सर, तुमचा सगळा डेटा आता आमच्या ॲपवर घ्यायचा आहे. तेवढी किल्ली द्या."

"माहा डेटा म्हणजे माही शुगर. ते लिहून घे पाहिजे तं. बाकीचा लोकायचा हाये."

"लोकांच्याच भल्यासाठी आहे, सर."

"असन. पण त्यायनं मले सांगतलं, तुले नाही. मी विचारून येतो."

अधिकाऱ्याला वाटलं, फोन करतील. मलाही तसंच वाटलं. पण फोन कोण उचलेल, कोणाच्या हातात असेल, म्हणून सर प्रत्येकाच्या घरी जाणार होते. ऐन मे महिना. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे माझी स्कूटी आणि मागे ते. डोक्याला ओला दुपट्टा, मांडीवर बॅग. पहाटे निघायचं, ऊन चढलं की एखाद्या देवळाच्या सावलीत पडून राहायचं, उन्हं उतरली की पुढचं गाव. गावाच्या आधीच ते मला थांबवायचे आणि पायी आत जायचे. लंगडत परत आले की मला तोंडावरूनच कळायचं, काय उत्तर मिळालं ते.

कोणी म्हणालं द्या, कोणी म्हणालं मिटवा. पण बहुतेकांना त्या ॲपशी काही देणंघेणंच नव्हतं. मारेगावकडचा एक शेतकरी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होता. वावरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्या वेळी मीही सोबत होते. सरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो शेताच्या धुऱ्यावर बसला, ऐकलं आणि म्हणाला, "देऊन टाका, सर. मले आता कायचं भेव? पण तुम्ही येसान का?"

"मी नाही येणार. दुसरे लोक येतीन."

"मंग मले कायले विचारता," तो म्हणाला आणि पुन्हा पऱ्हाट्या उपटायला लागला.

सर त्या दिवशी परतीच्या वाटेवर एकदाच बोलले. "गाडी हळू चालव," एवढंच.

आर्णीच्या पलीकडे एका तांड्यावर मला आत जावंच लागलं, कारण तिथल्या बाईनं तसा निरोप दिला होता. सरांसोबत कॉम्प्युटरवाली येणार असेल तरच बोलते, म्हणून. शिवणकाम करणारी, चाळिशीतली बाई. नवरा ट्रकवर होता, तो याच दुखण्यानं गेलेला. मुलगा पुण्यात कामाला, त्याला आजार नाही. सर बाहेर बाजेवर तिच्या म्हाताऱ्या याडीशी, म्हणजे आईशी, बंजाऱ्यांच्या गोर बोलीत मोडकंतोडकं बोलत बसले आणि ती मला आत घेऊन गेली.

"पोराची सोयरीक जमून राह्यली," ती म्हणाली. "माह्यावालं सगळं पुसून टाका. पण मले सांगा, पुसलं म्हणजे खरंच पुसल्या जाते का?"

मी म्हटलं, बादलीत जुन्या प्रतीही असतात, त्याही काढाव्या लागतात. त्या काढल्या की नाही उरत.

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"हो."

तिचा विश्वास बसला नाही. मशीनवरचं कापड घडी घालत ती म्हणाली, "सरायनं सांगतलं असन ना तुम्हाले, बाजारातलं?"

मला काहीच माहीत नव्हतं. ते मी लागायच्या आधीचं, आणि फाइल उघडून वाचायचे ते सरच. तेव्हा तिनं सांगितलं. नवरा गेल्यावर काही वर्षांनी तिचं दुसरं लग्न जमत होतं. आर्णीच्या बाजारात ती त्या घरच्या बाईसोबत बांगड्या भरत बसली होती. सर तेव्हा या कामात नवीन होते. मागून आले, तिला पाहून खूश झाले आणि भर बाजारात म्हणाले, गोळ्या बरोबर चालू हायेत ना?

"त्या बाईनं विचारलं, कायच्या गोळ्या? मी म्हटलं, रक्ताच्या. तेवढ्यावर भागलं असतं. पण सरायचं तोंड असं पांढरं पडलं ना, तिले त्याच्यातच समजलं."

"मग?"

"मंग काय. मोडलं."

"राग नाही आला?"

"आलता ना. वर्षभर दार उघडलं नाही मी त्यायले." मग ती बाहेर बाजेकडे पाहत म्हणाली, "ते येत जात मात्र."

स्कूटी चालू करताना मी सरांकडे पाहू शकले नाही. त्यांना कळलं असावं. ते मागे बसले आणि त्यांनी बॅग मांडीवर घेतली, रोजच्यासारखी.

फिरणं संपलं तेव्हा आम्ही दोघं आजारी पडायच्या बेतात होतो. ज्यांनी द्या म्हटलं होतं त्यांच्या नोंदी नागपूरला गेल्या. अधिकाऱ्यानं कुरकुर केली, पण घेतल्या. त्यांचं ॲप चांगलं चाललं असं ऐकते. त्यांची माणसं वेळेवर जातात, गोळ्याही वेळेवर मिळतात. सर मारेगावला मुलाकडे राहायला गेले. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणत होते, ते राहूनच गेलं. दोन पावसाळ्यांनंतर झोपेतच गेले. मला चार दिवसांनी कळलं. मी एका खतांच्या कंपनीच्या गोदामात लागले होते, तिथे कोणाला सांगायचं म्हटलं तर कोण गेलं म्हणून सांगू, हेच सुचेना.

पण बादली रिकामी केली ती दुपार सांगायची राहिली.

ज्यांनी मिटवा म्हटलं होतं, त्यांच्या फायली पुसायला आम्ही बसणार होतो. त्या दिवशी तांड्यावरची ती बाई एस.टी.नं आली. चांगलं लुगडं, हातात कापडी पिशवी. टायरच्या दुकानात विचारत विचारत जिना चढून वर आली आणि म्हणाली, "मले पुसताना पाहाचं हाये."

सर उठून उभे राहिले. तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. मग त्यांनी त्यांचा अर्धा भाग टाइप केला, मी माझा. फाइल आली. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलं हाये?"

"सगळं," सर म्हणाले. "पहिल्यापासून."

"वाचा."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणून मी वाचायला लागले. सरांच्या नोंदी लहान असायच्या, तार पाठवल्यासारख्या. 'गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवते. सासू पीठ काढते, डबा बदलायला सांगितलं.' 'मुलाची तपासणी झाली. आजार नाही. सांगितलं तर उठून शेळीला पाला टाकायला गेली. बराच वेळ आली नाही.' 'बाजारात बोललो. बोलायला नको होतं.' मी थांबले. ती म्हणाली, "वाचा ना." 'दार उघडलं नाही.' 'दार उघडलं नाही. आत मशीनचा आवाज होता, म्हणजे बरी आहे.' 'दार उघडलं नाही.' 'दार उघडलं. पाणी दिलं. बोलली नाही.' मग कितीतरी महिन्यांनंतरची एक ओळ. 'आज हसली. कशावरून ते आठवत नाही.'

"तुमची चप्पल कुत्र्यानं नेलती," ती सरांना म्हणाली. "एकच. तुम्ही एका चपलेनं त्याच्या मांगं धावले, पार तांड्याच्या नायकाच्या घरापावतर."

सरांनी आठवून पाहिलं. "हो का?"

"हो मंग!"

सर माझ्याकडे वळले. "लिही."

"सर, पुसायचीच आहे ना फाइल?"

"लिही तू. चप्पल कुत्र्यानं नेली म्हणून."

मी लिहिलं. जतन केलं. बादलीत नवी प्रत गेली. मग पुसायच्या बटणाशी आले आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला.

"एकडाव आणखी वाचा," ती म्हणाली. "मंग पुसा."

मी फाइल पुन्हा वर सरकवली, पण या वेळी सरांनी मला उठवलं आणि माझ्या खुर्चीवर स्वतः बसले. चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, न घाई करता, बाजाराची ओळही आवाज न बदलता. दार न उघडल्याच्या सगळ्या ओळी त्यांनी एकेक करून वाचल्या, एकही गाळली नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. खाली दुकानात कोणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. कुत्र्याची ओळ आली तेव्हा ती हसली, मोठ्यानं, आणि सरही हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

ती डोळे पुसून म्हणाली, "हं. पुसा आता."